कौन्सिल टॅक्सची थकबाकी, दारात बेलिफ येणार अशी नोटीस – काय करू?

चाफेकळी | १६ ऑक्टोबर २०२२, रात्री ११:४८

नमस्कार. इथे मी बरीच वर्षं वाचते, लिहीत कधी नाही. आज लिहितेय कारण झोप लागत नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये मिडलंड्समधल्या एका गावात राहतो. मी नर्स आहे. घरात मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि सप्टेंबरपासून सांगलीहून आलेल्या सासूबाई. आज दुपारी आकाशकंदील शोधायला जिन्याखालचं कपाट उघडलं. कंदील सापडला, आणि त्याच्यामागे बुटांच्या खोक्यात सात पाकिटं. पाच तर फोडलेलीही नव्हती.

नवऱ्याची नोकरी मेमध्ये गेली. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, दर महिन्याला तोच साइटवर जाऊन कार्डाने भरायचा. मला वाटत होतं, भरतोय. वर्षाचं बिल २,०४० पौंड, एप्रिल आणि मेचे हप्ते गेलेत, त्यानंतर काही नाही. आधी रिमाइंडर, मग फायनल नोटीस, ऑगस्टमध्ये कोर्टाचं समन्स, सप्टेंबरमध्ये लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे थकबाकी वसूल करायचा कोर्टाचा आदेश. आता १२ तारखेची 'नोटीस ऑफ एन्फोर्समेंट'. एका खाजगी वसुली कंपनीची, म्हणजे बेलिफांची. कोर्टाच्या खर्चासकट १,७२२ पौंड, त्यावर त्यांची फी ७५. एकूण १,७९७. सात दिवसांत भरा, नाहीतर घरी येऊन सामान ताब्यात घेऊ.

बिलावर दोघांचंही नाव आहे. एकदम १,७९७ नाहीत. माझ्या नाइट शिफ्ट असतात, तेव्हा नवरा मिळेल ते डिलिव्हरीचं काम करतो आणि घरी सासूबाई आणि लेक दोघीच. ते दार फोडू शकतात का? गाडी नेतात का? गाडीशिवाय मी हॉस्पिटलला पोचू शकत नाही. आणि पुढच्या वर्षी आमचा आयएलआर (इथे कायम राहायच्या परवानगीचा अर्ज) आहे, त्यावर याचा काय परिणाम होईल?

नवऱ्यावर ओरडले नाही. ओरडायचं त्राणच नव्हतं.

---

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

चाफेकळीताई, आधी एक गोष्ट. आज कोणीही येणार नाही.

नोटिशीतले सात दिवस 'क्लिअर डेज' असतात, त्यात रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत. तुम्हाला ती शुक्रवारी १४ ला मिळाली असं धरलं तर २२ पर्यंतचे दिवस तुमच्या हातात आहेत. हे सात दिवस फार किमतीचे आहेत, कारण आत्ता फक्त ७५ पौंडांची पहिली फी लागली आहे. माणूस प्रत्यक्ष दारात आला की दुसरी फी लागते: २३५ पौंड, वर १,५०० च्या पुढच्या रकमेवर साडेसात टक्के. तुमच्या बाबतीत १,७२२ उणे १,५००, म्हणजे २२२ चे साडेसात टक्के, १६ पौंड ६५ पेन्स. एकूण २५१.६५. सामान विकायला नेलं तर आणखी ११०, त्यावरही तेच साडेसात टक्के. म्हणून आजच फोन. आधी कौन्सिलला, मग वसुली कंपनीला.

---

कृष्णाकाठ | १७ ऑक्टोबर, सकाळी ७:०२

ताई, मी मूळची मिरजेची. तुमच्या प्रश्नांची उत्तरं क्रमाने देते, कारण २०१९ मध्ये यातून मी स्वतः गेलेय.

दार फोडता येत नाही. कौन्सिल टॅक्ससाठी पहिल्यांदा आलेल्या बेलिफला जबरदस्तीने आत शिरायचा हक्क नाही. तुम्हाला ढकलून शिरता येत नाही, खिडकीतून येता येत नाही. पण दार नुसतं लोटलेलं असेल तर ते उघडून आत येऊ शकतो! म्हणून दार आतून लावून ठेवा, मागचंही. वेळ सकाळी ६ ते रात्री ९. घरी फक्त १६ वर्षांखालचं मूल असेल तर त्याने आत यायचंच नाही.

आता माझी चूक सांगते, तुम्ही ती करू नका. सकाळी पावणेसातला बेल वाजली. बाहेर पाऊस. शर्टवर कॅमेरा लावलेला माणूस, बोलायला अगदी सभ्य. "आत बसून बोलूया का?" म्हणाला. आपल्याकडे दारात आलेल्याला पावसात उभं कोण ठेवतं? मी आत घेतलं. चहासुद्धा विचारला. त्याने हॉलमध्ये उभ्या उभ्या यादी केली. टीव्ही एक, सोफा एक, लॅपटॉप एक. मग आईने लग्नात दिलेल्या पितळी समईकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं दिवा. त्याने लिहिलं, ब्रास लँप, एक. आणि खाली माझी सही घेतली.

त्या कागदाला 'कंट्रोल्ड गुड्स अ‍ॅग्रीमेंट' म्हणतात. सामान घरातच राहतं, पण ताबा त्यांचा. हप्ता चुकला तर ते परत येऊ शकतात आणि मग मात्र दार फोडायची मुभा मिळते. सात महिने मी त्या समईसमोर दिवा लावताना ती आपली नाही असं वाटायचं.

बोलायचं तर बंद दारातून बोला, वरच्या खिडकीतून बोला. आत घेऊ नका.

---

सदाशिवपेठी | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

वाचून वाईट वाटलं. पण स्पष्ट बोलतो. कर हा भरायचाच असतो, आणि पत्रं खोक्यात टाकणं हा काही मार्ग नाही. आमच्या पुण्यात घरपट्टी थकली की महिन्याला दोन टक्के शास्ती चढते, आणि मोठ्या थकबाकीदारांच्या दारात पालिका बँड वाजवते. अख्खी सोसायटी गॅलरीत येते. त्यापेक्षा तुमची नोटीस बरी म्हणायची.

---

हळदीकुंकू | १७ ऑक्टोबर, सकाळी ८:५१

सदाशिवपेठी, भरायचा नाही असं ताईंनी कुठे म्हटलंय? सात पाकिटं सापडल्याच्या रात्रीच त्या विचारायला आल्या आहेत.

आणि दादांबद्दल. नोकरी गेलेला माणूस पाकीट फोडत नाही, तो माज नसतो. माझ्या वडिलांनी गिरणी बंद पडल्यावर सहा महिने टपाल गादीखाली ठेवलं होतं. आईला गादी उन्हात टाकताना कळलं.

---

सदाशिवपेठी | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

मान्य. शब्द कडक झाले. ताई, राग मानू नका.

---

पाऊसवेडा | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

सोपा उपाय: दारावर नोटीस चिकटवा की 'आमच्या आवारात यायची परवानगी काढून घेतली आहे'. मॅग्ना कार्टाच्या आधाराने बेलिफला परत जावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मसुदा फिरतोय, हवा तर टाकतो. किंवा दुर्लक्ष करा. सहा वर्षांनी कर्ज आपोआप मरतं.

---

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:५८

कृपा करून तो मसुदा इथे टाकू नका. बेलिफ कायद्याने येतो, २००७ चा कायदा आणि २०१४ पासून लागू झालेले नियम. दारावरच्या कागदाने तो थांबत नाही. या नादात माणसं सात दिवस घालवतात आणि अडीचशेची फी अंगावर घेतात.

सहा वर्षांचंही अर्धवट आहे. बिल दिल्यापासून सहा वर्षांत कौन्सिलने ऑर्डर मागायला कोर्टात जायचं असतं. ऑर्डर एकदा निघाली की इंग्लंडमध्ये तिला मुदत नाही. ताईंची ऑर्डर निघालेली आहे.

---

पाऊसवेडा | १७ ऑक्टोबर, सकाळी १०:२०

अच्छा. हे माहीत नव्हतं. मागे घेतो.

---

जुनाजाणता | १७ ऑक्टोबर, सकाळी ११:०५

मी इथे १९८७ पासून. थोडं अवांतर. याआधी पोल टॅक्स होता, माणशी कर. बंगल्यात राहणारा आणि एका खोलीत राहणारा, दोघांना सारखाच. १९९० च्या मार्चअखेरीला ट्रॅफल्गार चौकात त्याविरुद्ध मोठी दंगल झाली. तो कर गेला आणि एप्रिल १९९३ पासून हा आला. घराची एप्रिल १९९१ मधली किंमत धरून इंग्लंडमध्ये ए ते एच बँड पाडले. आज २०२२ मध्येसुद्धा १९९१ चीच किंमत धरतात, काल बांधलेल्या घरालाही!

मला सलतं ते वेगळंच. एक हप्ता चुकला, रिमाइंडर आला, सात दिवसांत भरला नाही, की आणखी सात दिवसांनी हप्त्यांची सवलत जाते आणि उरलेल्या वर्षाचे सगळे पैसे एकदम मागतात. ज्याच्याकडे महिन्याचे दोनशे नाहीत त्याच्याकडे सोळाशे कुठून येणार? वीस वर्षं हे मी आमच्या भागातल्या बैठकांत बोलतोय.

---

एडिनबरी | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:१८

स्कॉटलंडमधल्या वाचकांसाठी: आमच्याकडे बेलिफ नसतात, शेरीफ ऑफिसर असतात. कोर्टात आपल्याला बोलवतही नाहीत. समरी वॉरंट (सुनावणीशिवाय वसुलीचा आदेश) निघतं आणि थकबाकीवर १० टक्के चढतात. पुढे 'चार्ज फॉर पेमेंट' ही पैसे भरायची नोटीस मिळाल्यावर १४ दिवसांत भरलं नाही तर थेट बँक खातं गोठवतात. वर इंग्लंडबद्दल दिलेले फीचे आकडे इकडे लावू नका.

---

रानजाई | १७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

विद्यार्थ्यांनीही हे वाचावं. आम्ही चौघी एमएस्सीला होतो, घरात सगळ्या पूर्णवेळ विद्यार्थिनी, म्हणून कर शून्य. कोर्स सप्टेंबरमध्ये संपला. आम्ही नोकऱ्या शोधत डिसेंबरपर्यंत तिथेच राहिलो. विद्यापीठाच्या पत्रावरची कोर्सची तारीख संपली की माफी संपते, हे कोणाच्या गावी नव्हतं. घर सोडल्यावर बिल जुन्या पत्त्यावर गेलं, समन्सही तिथेच. करार एकत्र असल्यामुळे चौघींपैकी कोणाकडूनही सगळी रक्कम मागता येते. तिघी भारतात परतल्या होत्या. सापडले ती मी.

---

चाफेकळी | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

सगळ्यांचे आभार. सकाळी शिफ्टवरून आल्या आल्या कौन्सिलला फोन केला. पस्तीस मिनिटं थांबून माणूस मिळाला. म्हणाला, खातं आता वसुली कंपनीकडे आहे, त्यांच्याशी बोला. कंपनी म्हणते निम्मे आज भरा, निम्मे पुढच्या महिन्यात. निम्मे म्हणजे ९०० पौंड, ते कुठून आणू? मी काहीच न बोलता फोन ठेवला. चुकलं का माझं?

---

कृष्णाकाठ | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

काही चुकलं नाही. न झेपणाऱ्या हप्त्याला हो म्हणणं ही चूक ठरली असती. मी ३५० ला हो म्हटलं होतं आणि दुसऱ्याच महिन्यात मोडलं.

---

हिशेबनीस | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३०

'कंपनीशी बोला' हे पहिलं उत्तर बहुतेकांना मिळतं. पण थकबाकी कौन्सिलची आहे, ते ठरवलं तर खातं परत घेऊ शकतात. आता लेखी कळवा, ईमेलने. घरात ज्येष्ठ बाई, ज्यांना इंग्रजी येत नाही, लहान मूल, नोकरी गेलेला नवरा, हे सगळं लिहा. बेलिफांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक निकषांत अशा घरांचा वेगळा विचार करायला सांगितलं आहे. तीच ईमेल कंपनीलाही पाठवा.

दुसरा रस्ता पगारातून कपातीचा. ऑर्डर निघाल्यावर कौन्सिल तुमच्या नोकरीच्या ठिकाणी थेट आदेश पाठवू शकते. त्याचा तक्ता ठरलेला आहे. हातात महिना १,४२० ते २,०२० पौंड येत असतील तर १७ टक्के. १,९०० येत असतील तर ३२३. बेलिफ येत नाही, त्याची फी नाही. पण तक्त्यात घासाघीस होत नाही, आणि कामाच्या ठिकाणी पगारविभागाला कळतं. एका ऑर्डरवर दोन्ही उपाय एकाच वेळी चालवता येत नाहीत.

तिसरं, मे २०२१ पासून 'ब्रीदिंग स्पेस' योजना आहे. नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या सल्लागारामार्फत अर्ज करायचा, मंजूर झाला की ६० दिवस वसुली थांबते. या संस्था पैसे घेत नाहीत. सल्ल्यासाठी पैसे मागणाऱ्या जाहिराती दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

---

टेम्सकाठचा | १७ ऑक्टोबर, रात्री ८:४०

गाडीबद्दल कोणी लिहिलं नाही. बेलिफ सगळ्यात आधी गाडीच बघतो, कारण तिला दार लागत नाही. माझ्या शेजाऱ्याच्या गाडीला सकाळी सव्वासहाला पिवळा क्लॅम्प लागलेला मी पाहिलाय. त्याची मुलं शाळेच्या गणवेशात पायरीवर उभी.

ताई, गाडी फायनान्सवर आहे का? हप्ते चालू असतील तर ती फायनान्स कंपनीच्या मालकीची, ती नेता येत नाही. कागद गाडीत ठेवू नका, घरात हाताशी ठेवा. मालकीची असेल आणि कामासाठी लागत असेल तर व्यवसायाच्या वस्तूंना १,३५० पौंडांपर्यंत संरक्षण आहे, पण त्यावर वाद घालावा लागतो. फ्रिज, कुकर, वॉशिंग मशीन, अंथरुणं, फोन यांना हात लावता येत नाही. सासूबाईंच्या वस्तू त्यांच्या, त्या तुमच्या थकबाकीसाठी नेता येत नाहीत.

---

चाफेकळी | १७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

गाडी फायनान्सवर आहे! अजून दीड वर्षाचे हप्ते आहेत. हे वाचून पहिल्यांदा जेवण गेलं. आयएलआरचं कोणी सांगेल का?

---

हळदीकुंकू | १७ ऑक्टोबर, रात्री ९:५०

लायबिलिटी ऑर्डर म्हणजे गुन्ह्याची शिक्षा नाही. ती सीसीजेही (कर्ज न फेडल्याबद्दलचा दिवाणी कोर्टाचा निकाल) नाही, क्रेडिट रिपोर्टवर येत नाही. तुरुंगाचं नाव पत्रात असेल तर घाबरू नका. इंग्लंडमध्ये कायद्यात ९० दिवसांपर्यंतची तरतूद अजून आहे (वेल्सने २०१९ मध्ये काढून टाकली), पण ती पैसे असून मुद्दाम न भरणाऱ्यासाठी. मॅजिस्ट्रेट आधी तुमची कमाई-खर्च तपासतात. बेलिफच्या हातात ते नाही.

एक मात्र नीट ऐका, हे व्हिसावर असलेल्या सगळ्यांसाठी. कोणी सांगेल की उत्पन्न कमी आहे तर 'कौन्सिल टॅक्स रिडक्शन'चा अर्ज करा. ते पब्लिक फंड्समध्ये, म्हणजे सरकारी मदतीत, धरतात. तुमच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (ही मदत घ्यायची नाही) अशी अट असेल तर तो अर्ज करू नका. एकटं राहणाऱ्याला मिळणारी २५ टक्के सूट किंवा विद्यार्थ्यांची माफी पब्लिक फंड्समध्ये येत नाही, ती बिनधास्त घ्या. तरी आयएलआरचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशन सल्लागाराला हे सगळं दाखवा.

---

जुनाजाणता | १८ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

ताई, घर कुठल्या बँडमध्ये आहे? यंदा विजेच्या दरवाढीमुळे ए ते डी बँडच्या घरांना सरकारने १५० पौंड दिले. ज्यांचा डायरेक्ट डेबिट होता त्यांच्या बँकेत आपोआप आले. बाकीच्यांना अर्ज करायचा होता, नाहीतर कौन्सिलने कराच्या खात्यावर जमा करायचे होते. तुमच्याकडे कार्डाने भरत होतात म्हणालात. विचारून बघा.

---

चाफेकळी | १८ ऑक्टोबर, दुपारी १२:२०

बँड सी. आजच विचारते.

---

चाफेकळी | २२ ऑक्टोबर, रात्री १०:१५

चार दिवस लिहायला जमलं नाही.

मंगळवारी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसच्या ऑफिसात गेलो, नवरा आणि मी दोघं. तो आधी यायला तयार नव्हता. तिथल्या बाईंनी कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हणाल्या, महिन्याला येतं किती, जातं किती, एवढंच लिहा. भाडं, वीज, गाडी, मुलीच्या शाळेचं जेवण, सांगलीला पाठवतो ते. नवऱ्याने स्वतःच्या हाताने सगळं लिहिलं. शेवटच्या ओळीवर २८० उरले. मेपासून पहिल्यांदा आम्ही दोघांनी एकच कागद बघितला.

मग बाईंनी आमच्यासमोर कौन्सिलला फोन लावला. जुनाजाणता काका, तुमचे १५० पौंड सापडले! सप्टेंबरमध्ये खात्यावर जमा झाले होते, पण कंपनीला कळवलेला आकडा त्याआधीचा होता. १,७९७ चे १,६४७ झाले. ईमेल आणि खर्चाचा कागद बघून कौन्सिलने कंपनीला कळवलं, आणि सहा महिन्यांचे हप्ते ठरले, २७४ पौंड ५० पेन्स. पहिला काल भरला. लेखी आलंय की हप्ते चालू आहेत तोवर घरी कोणी येणार नाही. ७५ ची फी गेली, ती गेली. दारात कोणी आलं नाही.

पगारकपात घेतली नाही. माझ्या पगारातून ३२३ गेले असते तर भाड्याला कमी पडलं असतं.

---

कृष्णाकाठ | २२ ऑक्टोबर, रात्री १०:३१

डोळ्यांत पाणी आलं ग. हप्त्याची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची घेतलीस ना? माझी आदली होती, तिथेच फसले.

---

चाफेकळी | २२ ऑक्टोबर, रात्री १०:३६

हो ताई, २८ ला पगार, १ तारखेला हप्ता. पहिलाच तेवढा आधी भरला.

---

सदाशिवपेठी | २३ ऑक्टोबर, सकाळी ७:१२

फार छान. दादांना माझा नमस्कार सांगा. पुढच्या एप्रिलचं बिल याच हप्त्यांवर चढणार, त्याचं काय ठरवलंत?

---

हिशेबनीस | २३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

चांगला प्रश्न. मार्चमध्ये नवीन बिल येईल. नेहमीचे दहा हप्ते असतात, पण लेखी मागितलं तर बारा द्यावेच लागतात. २,०४० चे दहा म्हणजे २०४, बारा म्हणजे १७०. मागणी एप्रिलच्या आधीच करा, नंतर केली तर उरलेल्या महिन्यांतच भाग पडतात.

---

चाफेकळी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

पाडव्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. बारा हप्त्यांची ईमेल नवऱ्याने आजच लिहून ठेवलीय, मार्चमध्ये पाठवायला.

सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलंय. इंग्रजी येत नाही तरी पोस्टमन येऊन गेला की त्या दारातली पाकिटं उचलतात आणि देवघरासमोर पाटावर ठेवतात, आम्ही घरी येईपर्यंत. आज तिथे एकच होतं. गॅसचं बिल.

---

रानजाई | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

माझ्या प्रकरणात कोणी सांगेल का, समन्स जुन्या पत्त्यावर गेलं होतं तर ऑर्डर रद्द करून मिळते का?

---

हिशेबनीस | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:४०

मिळू शकते. आधी कौन्सिलला लिहा, घर सोडल्याची तारीख त्यांना कधी आणि कशी कळवली होती त्याचा पुरावा जोडा. ऐकलं नाही तर ज्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने ऑर्डर दिली तिथे अर्ज करता येतो, पण कळल्यावर उशीर न करता. नवीन धागा काढा, तिथे तारखा द्या, बघू.